रविवारचं ‘येतो’

१

पुस्तक वाचून गाव बघायला येणारी माणसं असतात, असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्यालाच मिरजेला नेऊन चांगल्या डॉक्टरला दाखवलं असतं. पण असतात. आणि चांगली शिकलेली असतात.

हा धंदा आमच्या अंकितानं काढला. अंकिता म्हणजे माझ्या थोरल्याची पोरगी. बाप फौजेत, आई त्याच्याबरोबर पठाणकोटला. ही पुण्यातली नोकरी सोडून हरिपुरात आमच्या म्हातारा-म्हातारीजवळ राहायला आली. सांगलीवर कुणीतरी एक जाडजूड कादंबरी लिहिलेली आहे. जुनी. कॉलेजात लावतात म्हणे. नाव मी लिहीत नाही, फुकट जाहिरात करायची मला सवय नाही. त्या कादंबरीत जिथं जिथं काय घडतं, तिथं तिथं माणसांना चालवत न्यायचं. गणपतीच्या देवळापासून सुरुवात, मग हळदीची पेठ, कृष्णेचा घाट, तिथनं चिंचांच्या रस्त्यानं हरिपूर आणि शेवट आमच्या मळ्यातल्या पेवापाशी. दर रविवारी सकाळी. माणसं चालून अर्धमेली होतात आणि वर टाळ्या वाजवतात.

“या पायरीवर लालासाहेब उभा होता,” असं ती घाटावर सांगते.

कोण लालासाहेब? कुणी नाही. लेखकाच्या डोक्यातला. जो माणूस जन्मालाच आला नाही तो या पायरीवर उभा होता म्हणून लोक पायरीचा फोटो काढतात. मी जन्मभर त्या पायरीवर धोतर वाळवलं, माझा फोटो कुणी काढला नाही.

“आबा, तुम्ही साहित्यात नाही ना,” अंकिता म्हणाली.

“न्हाई त्येच बरं हाय,” मी म्हटलं.

२

पेव म्हणजे काय ते ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. जमिनीत खोल खणलेला खड्डा, घागरीसारखा. तोंड अरुंद, पोट मोठं. आत सुटी हळद ओतायची, तोंडावर फरशी ठेवून माती लोटायची, की हळद वर्षानुवर्षं किडत नाही. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नसतं. आतली हवा बाद झालेली असते, माणूस बसल्या जागी जातो. आमच्या पेवात महापुराचं पाणी शिरलं तेव्हापासून ते रिकामं आहे. चिमूटभर हळद त्यात नाही. हे ध्यानात ठेवा.

आता कादंबरी. मी वाचलेली नाही, अंकितानं सांगितली. लालासाहेब आणि आकाराम हे हळदीतले दोस्त. आकाराम पेवात उतरतो, हवा बाद निघते. खालनं हाक मारतो, “लाला, ये रं!” लालासाहेब वाकून ओरडतो, “येतो!” आणि सरळ घरची वाट धरतो. पुढं अर्धं पुस्तक त्याला जेवण जात नाही.

यावर शिकलेल्यांचं भांडण आहे. ‘येतो’ म्हणजे ‘खाली येतो’ की ‘निघतो’? आपल्याकडं उठून चाललेला माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’च म्हणतो. मग लालासाहेब खोटं बोलला का नुसता निरोप घेतला? मिरजेचे जयराज सर म्हणून एक प्राध्यापक आहेत, ते दर रविवारी चालायला येतात आणि याच्यावर बोलतात. चिंचांचा रस्ता संपतो, त्यांचं संपत नाही.

“त्या आकारामालाच इचारा की,” मी एकदा म्हटलं. सगळे हसले. मी हसायला म्हटलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात अंकितानं मला कामाला लावलं. “आबा, तुम्ही लालासाहेब व्हा. फेटा बांधायचा, काळा कोट घालायचा, पेवात वाकून ‘येतो!’ म्हणायचं आणि भिंतीमागं निघून जायचं.”

“येवडंच?”

“एवढंच.”

“खाली उतरायचं?”

“नाही हो. उतरायचं नाही, तेच तर आहे त्यात.”

शालूबाई, म्हणजे आमची मंडळी, म्हणाली, “आवं करा की. जलमभर बसूनच हायसा, जरा उभं ऱ्हावा.”

पोरीचं बस्तान या चालण्यावर बसायचं होतं. ते मोडलं की ती पुन्हा पुण्याला, आणि आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत. म्हणून मी कोट चढवला.

३

काम सोपं होतं. पेवाच्या तोंडावर अंकितानं लोखंडी जाळी बसवून घेतली होती, कुलूप लावून, कुणी पडू नये म्हणून. माणसं गोल उभी राहायची. मी यायचो, वाकायचो, “येतो!” म्हणून ओरडायचो आणि भिंतीमागं जाऊन तंबाखू मळायचो. टाळ्या ऐकू यायच्या. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

एका रविवारी मी “येतो!” म्हटलं आणि वळलो, तर खालनं आलं,

“ये रं.”

मोठ्यानं नाही. शेजारच्या खोलीतनं कुणी बोलावं तसं.

माणसांनी लय टाळ्या वाजवल्या. जयराज सर म्हणाले, “वा! ध्वनियोजना फारच संयत!”

माणसं पांगल्यावर अंकिता माझ्याकडं आली. “आबा, स्पीकर कुठं ठेवलाय? मला सांगायचं तरी.”

“म्या? तूच ठिवलास न्हवं?”

मग ती हसली, मला चेष्टेखोर म्हणाली आणि हिशोब संपवला.

मी त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी डोकं चालवलं. मी चौथी शिकलोय, पण डोकं सबंध आहे. पहिलं म्हणजे घुमारा. पण घुमारा आपण बोललेलंच परत देतो. मी ‘येतो’ म्हटलं तर ‘येतो’च यायला पाहिजे. पेव काही उलट उत्तर देणारी सून नाही. दुसरं म्हणजे कुणी टवाळ पोरगं आत बसलेलं असेल. पण जाळीला कुलूप होतं, किल्ली अंकिताकडं. तिसरं, बेडूक. बेडूक ‘ये रं’ म्हणत नाही.

भूत म्हणावं तर त्यालाही आधी मरावं लागतं. मरायला जन्मावं लागतं. आकाराम तर कागदावरचा. मग भूत कशाचं, शाईचं?

खरं सांगायचं तर मला भीतीपेक्षा राग आला होता. बायकोसुद्धा मला ‘अहो’ म्हणते. आणि हा कोण अरे-तुरे करणारा?

४

पुढच्या रविवारी मी जरा रागानंच ओरडलो, “येतो!”

“कवा?” खालनं आलं.

हसून हसून एक बाई खाली बसल्या. कुणीतरी मोबाईलवर लिहून टाकलं की आवाजाचा भाग सगळ्यात भारी आहे. अंकिताकडं माणसांची रीघ लागली. सोलापूर, बेळगाव, कुठनं कुठनं. पोरगी आनंदात होती. तिनं माझ्यासाठी नवा फेटा आणला. मी स्पीकर लपवलाय यावर तिचा एवढा विश्वास बसला होता की मी “न्हाई गं” म्हटलं की ती डोळा मारायची. आजोबाला डोळा मारते! काय बोलणार?

त्यानंतर दर रविवारी काहीतरी यायचंच. “कवा येतुस?” “दमलो की रं.” एकदा नुसताच उसासा. दाराशी वाट बघून परत आत वळणाऱ्या माणसाचा असतो तसला.

मग मी ठरवलं, याला तोडायचं. त्या रविवारी वाकलो आणि मोठ्यानं म्हटलं, “जातो!”

जयराज सर चवताळले. “अहो आजोबा, संहितेशी ही प्रतारणा आहे!”

“तुमच्या संहितेला म्या काय बी केल्यालं न्हाई,” मी म्हटलं. संहिता कोण ते मला ठाऊक नव्हतं. हसू फुटलं सगळ्यांना.

त्या हशात मी एकट्यानं ऐकलं. खाली काहीतरी खळखळलं. सुक्या हळकुंडांच्या ढिगावर माणूस मटकन बसला की होतो तो आवाज. मी हळदीत म्हातारा झालोय, तो आवाज मी दुसऱ्या कशाचा समजणार नाही.

पेव रिकामं होतं. वर सांगितलंय.

घरी शालूबाईनं वेगळंच झाडलं. “जातो म्हणायला तोंड वळलं कसं? म्हातारं झाल्यासा तरी अक्कल न्हाई.”

५

मग गुडघा धरला. खरंच धरला, निमित्त नव्हतं. अंकिता म्हणाली, “पडून राहा आबा, मी करते तुमचं काम.”

मी हो म्हटलं. मला काय ठाऊक.

झालं ते मला जयराज सरांनी नंतर तक्रारीच्या सुरात सांगितलं. पोरीनं फेटा बांधला, वाकली आणि सवयीनं तोंडातनं निघून गेलं, “येते!” सर लगेच म्हणाले, “येतो, येतो! लालासाहेब पुरुष आहे!” तिनं जीभ चावली, पुन्हा म्हटलं. पण पहिल्यांदा म्हटलं ते म्हटलंच.

खालनं त्या दिवशी काहीच आलं नाही. माणसं नाराज झाली.

मी पडलेला उठून बसलो. मी म्हणायचो ते ‘येतो’ लालासाहेबाचं होतं. उसनं. ज्याचं त्यानं निस्तरावं. पण ‘येते’ कुणाचं? पुस्तकात तसं म्हणणारं कुणी नाही. ते आमच्या पोरीनं स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या नावानं दिलेलं.

त्यानंतर ती निघायला लागली. दुसरा शब्द मला सुचत नाही. जेवता जेवता हात धुवायची, ओढणी घ्यायची. “निघते हं आबा.”

“कुटं?”

ती थांबायची. “कुठं…? काय की.” हसायची आणि पुन्हा पानावर बसायची. पहिल्यांदा आम्हीही हसलो.

मग एका दुपारी शालूबाई हाका मारत मळ्यात गेली, तर ही पेवाजवळ उभी. जाळीचं कुलूप उघडलेलं, किल्ली हातात. एक चप्पल काढून ठेवलेली, दुसरी काढत होती. कुणाच्या घरात शिरताना काढतात तशी.

“कुणीतरी जेवायचं थांबलंय असं वाटलं, आजी,” ती म्हणाली. “आपण असं ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही.”

शालूबाईनं तिला दंडाला धरून आणलं. कुलूप मी लावलं, किल्ली माझ्या कंबरेच्या पिशवीत टाकली. पण कुलपानं काय होतंय? पोरगी रोज दुपारी दारापर्यंत जायची आणि रोज तिला धरून आणायला जास्त जोर लागायचा.

६

भर दुपारी मी एकटाच पेवावर गेलो. फेटा नाही, कोट नाही. बनियन आणि पंचा. नाटक नव्हतंच करायचं.

“ए आकाराम!”

“कोन?”

“मानसिंग. मळ्याचा मालक. हे पेव माज्या आज्यानं खनल्यालं हाय.”

“लाला कुटं हाय?”

“लाला बिला कुनी न्हाई. तो पुस्तकातला हाय. आन् तू बी पुस्तकातलाच हायस.”

वाटलं, पटलं बहुतेक. तर म्हणाला, “आसंना का. येतो म्हणला हुता.”

“त्येचं तू त्येच्याशी बग. माजी नात मला मोकळी पायजे.”

“येते म्हणली की ती.”

“निघताना म्हणत्यात तसं म्हणली. आपल्यात काय पद्धत हाय तुला ठावं न्हाई व्हय? का लेखकानं तेवडं बी शिकिवलं न्हाई?”

“म्हणली न्हवं पर?”

आता आली पंचाईत. आपल्या भागात कुणी कुणाला तोंडावर ‘येणार नाही’ म्हणत नाही. लग्नाचं बोलावणं येऊ दे, बारशाचं येऊ दे, ‘येतो की’ म्हणायचं आणि जायचं नाही. पण मी म्हणतो. मी कायम तोंडावर म्हणत आलोय, म्हणून माझ्याकडं कुणी येतही नाही. या कामाला माझ्यासारखाच माणूस पाहिजे होता.

“ऐक,” मी म्हटलं. “ती येनार न्हाई. आज न्हाई, उद्या न्हाई. जेवायला न्हाई, च्याला न्हाई. वाट बगू नगंस.”

“अजाबात?”

“अजाबात.”

ऊन बरोबर डोक्यावर होतं आणि जाळीतनं सरळ तळाला पोचत होतं. तळात मघापासून एक पांढरं गोल दिसत होतं, मी त्याला उन्हाचा कवडसा समजत होतो. तेवढ्यात ते हललं. पागोटं होतं. वरनं बघितल्यावर माणसाचं दिसतं तेवढंच, पागोटं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खांदे.

“बरं,” तो म्हणाला. आवाज अगदी समजूतदार. “मग आमीच येतो.”

“या,” मी म्हटलं.

माझं तोंड म्हणालं. मी नाही. कुणी ‘येतो’ म्हटलं की ‘या’ म्हणायचं, हे मला बोलायला यायच्या आधीपासनं येतंय.

पागोटं हळूहळू मागं कलायला लागलं. वर बघायला माणूस मान मागं टाकतो तसं. कपाळ दिसायच्या आत मी पाठ फिरवली. कुलूप ओढून बघितलं, लागलेलं होतं. तेवढा धीर घेऊन घराकडं निघालो.

७

दारात शालूबाई उभी होती, तोंडभर आनंद. “आवं, पावनं येनार म्हणून सांगायचं न्हाई व्हय? घरात दूध बी न्हवतं.”

“कोन पावनं?”

“आलं आन् म्हणलं, मानसिंगरावांनी या म्हणून सांगितलंय. म्या म्हणलं बसा, येतील इतक्यात.”

“कसा हाय?”

“लय गरीब मानूस. वळकीचा वाटतोय.”

“कुनावानी दिसतोय?”

ती विचारात पडली. “कुनावानी बी न्हाई,” ती म्हणाली आणि तिचं तोंड जरा उतरलं.

पुढच्या सोप्यात खुर्चीवर बसला होता. गुडघ्यावर हात ठेवून, लग्नाच्या बैठकीत बसतात तसा. हात पिवळे. मी सदऱ्याच्या गुंड्यांपर्यंत बघितलं. त्याच्यावर बघितलं नाही आणि अजूनही बघितलेलं नाही. अंकिता समोर पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. पोरगी मात्र ताळ्यावर आली होती. डोळे स्वच्छ. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला कुठं निघायचं नव्हतं.

मी समोर बसलो. पाऊसपाण्याचं बोललो. दुसरं काय बोलणार? त्याला पोहे दिले. बशी रिकामी झाली, कशी ते बघितलं नाही. मग तो उठला.

“बरं वाटलं,” म्हणाला. “पुढच्या खेपंला पोरीला घिऊन जातो.”

उंबऱ्यापर्यंत गेला, आमच्याकडं वळला आणि म्हणाला, “येतो.”

मी शालूबाईच्या तोंडावर हात दाबला. अंकितानं ओढणीचा बोळा दातात धरला. मी माझीच जीभ अशी चावली की रक्त आलं. कुणी ‘या’ म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तीच पुढच्या खेपेची परवानगी झाली असती.

तो थांबला. उत्तर घेतल्याशिवाय आपल्याकडं पाहुणा पायरी उतरत नाही. पुन्हा म्हणाला, “येतो हं.” आम्ही गप्प. आणि तो तिथंच उभा राहिला.

तेव्हापासून उभाच आहे. आम्ही मागच्या दारानं ये-जा करतो. दूध घालणारी मनुबाई दोनदा म्हणाली, “पावनं लय दिस ऱ्हायलं की.” तिला मी आता मागच्या दारालाच थांबवतो, बोलू देत नाही. अंकिताचं चालणं सुरू आहे. पेवातनं काही आवाज येत नाही म्हणून जयराज सर नाराज आहेत, पण माणसं येतात. रविवारचं ‘येतो’ सर कादंबरीतनं वाचून दाखवतात, पेवात कुणी ओरडत नाही. पोरगी हसते, जेवते, पोटभर झोपते. एवढं एक टिकवायचं आहे, बाकी मला काही नको.

अडचण शालूबाईची आहे. जन्मभर हिनं कुणाला न बोलता वाटेला लावलेलं नाही.

“आवं, किती दिस उभा ठिवायचा? पाय दुकत असतील त्येचं.”

“दुकू दे.”

“मानसाची जात हाय.”

“न्हाई.”

आज सकाळी ती लवकरच उठून चुलीपाशी बसली. मी खाटेवर होतो. बघतो तर भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा फडक्यात बांधून सोप्यात आली. “नुसती शिदोरी देते,” मला म्हणाली. “बोलत न्हाई काय बी. आन् घाबरू नगासा.”

पिवळा हात पुढं आला. तिनं त्यात शिदोरी ठेवली. दोन्ही हात पुसले, पदर डोक्यावरनं नीट घेतला, मान थोडी लववली. पाहुण्याला ‘या’ म्हणून वाटेला लावताना ती कायम करते, अगदी तस्सं.

“शाले!” मी ओरडलो.

पण मला हल्ली उठायला वेळ लागतो.